एका सीटवरचे दोन ऑपरेटर

ब्याण्णव साली माझी बदली नाशिकजवळच्या तोफखान्याच्या कॅम्पात झाली. मी मूळचा नाशिकचाच. त्यामुळे जुन्या युनिटमध्ये निघेपर्यंत सगळ्यांनी मला यथेच्छ चिडवलं. "घरजावई चालला," म्हणाले. मी हवालदार, ट्रेड वायरलेस ऑपरेटर. माझ्या ताब्यात वायरलेस बसवलेली एक वन-टन लष्करी गाडी आली आणि दुसरा ऑपरेटर म्हणून नाईक संपत गांगुर्डे. तो पिंपळगाव बसवंतचा.

तोफखाना म्हटलं की लोकांना तोफ दिसते. पण तोफ आंधळी असते. गोळा कुठे पडला ते पुढच्या टेकडीवर बसलेला अधिकारी बघतो आणि वायरलेसवर सांगतो. "ड्रॉप टू हंड्रेड, ओव्हर," म्हणजे पुढचा गोळा दोनशे मीटर अलीकडे टाका. हा आवाज मागे बिनचूक पोचवणं हे आमचं काम. गाडीत दोन सेट होते. छोटा फायरिंग रेंजवर बोलण्यासाठी, आणि चारशे वॉटचा मोठा सेट लांबच्या हेडक्वार्टरसाठी. ऑपरेटरची सीट एकच. मी उठलो की संपत बसायचा, संपत उठला की मी. हेडफोनही तोच. त्याच्या घामाने ओला झालेला हेडफोन कानाला लावताना मी त्याला रोज शिव्या द्यायचो. त्याने एकदाही मनावर घेतल्या नाहीत.

कानाने तो माझ्यापेक्षा सरस होता. जिथे मला नुसती खरखर ऐकू यायची, तिथे त्याला आकडे ऐकू यायचे. मी सीनियर होतो, तरी अवघड लिंक असली की कॅप्टनसाहेब विचारायचे, "गांगुर्डे कुठंय?" मला राग यायचा. पण ते बरोबर होतं.

मोठ्या सेटमधून पॉवर बाहेर जाते आहे की नाही, हे तपासायची आमची एक देशी पद्धत होती. सेटचा मीटर बहुतेक वेळा बंदच असे. मग घरातली साधी ट्यूबलाइट घ्यायची, वायर-बियर काही नाही, आणि अँटेनाजवळ धरायची. स्विच दाबला की ट्यूब हातातच पेटायची. संपतने त्याचा खेळ करून टाकला. नवे रिक्रूट आले की तो अँटेनाशेजारी उभा राहून ट्यूब कपाळाला टेकवायचा आणि ओरडायचा, "उस्ताद, दाबा!" मी स्विच दाबायचो. ट्यूब पेटायची. पोरं आ वासून बघत. "बघा, गांगुर्डेच्या डोक्यात लाइट हाय," तो म्हणायचा. कधी तो स्विच दाबायचा आणि मी कपाळ पुढे करायचो. ट्रान्समिट करताना अँटेनाला हात लावू नये, कातडी भाजते, एवढं आम्हाला शिकवलं होतं. डोक्याच्या आतल्या गोष्टीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

पुढे दोघेही निवृत्त झालो. मी नाशकात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहू लागलो. संपत पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर झाला. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते.

दोन हजार पाचच्या द्राक्षांच्या हंगामात एका सकाळी त्याचा फोन आला.

"उस्ताद, ते... ते आपलं... ते..."

"काय झालं? बोल."

"ते..."

फोन कमलवहिनींनी घेतला. संपतची बायको. "भाऊजी, सकाळधरनं आसंच चाललंय. शब्द सापडंना त्यांना. लय घाबरलेत."

मी त्यांना नाशकातल्या हॉस्पिटलात आणायला सांगितलं. स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, गाठ. ऑपरेशन केलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळी काढता आली नाही, ती परत वाढेल.

तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात त्याला भेटायला सोडलं. डोक्याला पट्टी, डोळे उघडे. वहिनी उशाशी उभ्या होत्या.  माझ्या तोंडातून जुनंच निघालं.

"संपत, रेडिओ चेक, ओव्हर."

तो लगेच म्हणाला, "लाउड अँड क्लिअर, ओव्हर."

आवाज खणखणीत होता. मला हसू फुटलं. वहिनी पुढे वाकल्या. "आवं, मी कोण? नाव सांगा माझं." तो त्यांच्याकडे बघत राहिला. ओळखत होता, डोळ्यांत दिसत होतं. ओठ हलले. नाव आलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आता उस्तादने मदत करावी तसं. वायरलेसवर समोरच्याचा आवाज तुटला तर काय करायचं ते मला माहीत होतं. इथे मला काहीच करता येत नव्हतं. मी त्याचा हात धरून बसलो.

व्हरांड्यात वहिनींनी विचारलं, "ते ट्यूब पेटवायचे ना डोक्याला लावून? लय कौतुकानं सांगायचे. त्यानं झालं का हे?"

मी डॉक्टरांना विचारलं. वर्तमानपत्रांत तेव्हा मोबाइलच्या लहरी आणि मेंदूच्या पेशी यांवर रोज काही ना काही येत होतं. त्यांनी मला बसवून नीट सांगितलं. या लहरींनी उष्णता निर्माण होते, हे पक्कं. त्यापलीकडे पेशींना इजा होते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. "आणि याच माणसाला याच कारणाने झालं, असं मी सांगू शकत नाही. नाही झालं, असंही छातीठोक सांगू शकत नाही." चांगले डॉक्टर होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

वहिनींनी मात्र मनात ठरवून टाकलं होतं. सेटनेच झालं. नवरा फौजेच्या कामात गेला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. तेवढ्याने त्यांची मान ताठ राहायची. मी कधी अडवलं नाही.

पावसाळा सरायच्या आत संपत वारला. शेवटी "ओव्हर"सुद्धा राहिलं नव्हतं. तिरंग्यात गुंडाळला नाही, बिगुल वाजला नाही. युनिटचे आम्ही चौघे गेलो आणि खांदा दिला.

दशक्रियेच्या दिवशी गोदाकाठी वहिनी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, स्विच मीच दाबायचो, आता काहीतरी ऐकवतील.

"तुम्ही बी त्याच जागी बसायचा ना, भाऊजी?"

"हो."

"ट्यूब बी लावायचा?"

"लावायचो."

"मग तुमचं डोकं तपासून घ्या. माझी शपथ हाय. ताई एकट्या पडतील."

स्वतःचं कुंकू पुसलेली बाई माझ्या बायकोची काळजी करत होती. मी स्कॅन करून घेतला. आयुष्यात गोळ्यांच्या आवाजाला घाबरलो नाही, पण त्या मशिनमध्ये डोळे मिटून आकडे मोजत पडलो. रिपोर्ट नॉर्मल आला. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी पहिली एसटी पकडून पिंपळगावला गेलो, कारण शपथ वहिनींनी घातली होती.

"काहीच नाही, वहिनी. सगळं ठीक."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. खरंच मनापासून म्हणाल्या. पाणी आणायला आत गेल्या आणि तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

"सारख्याच जागी बसले दोघं. तुम्हाला कायबी नाय. म्हंजी सेटचं नव्हतंच, न्हाय का?"

"तसं नसतं वहिनी. एकाच्या रिपोर्टवरून काही ठरत नाही. डॉक्टरच म्हणाले."

"मग ते उगाचच गेले."

पदर तोंडाला लावून त्या रडल्या. हॉस्पिटलात नाही, स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा नाही, त्या दिवशी रडल्या. माझं शाबूत डोकं घेऊन मी त्यांच्यासमोर उभा होतो. मला त्याची लाज वाटली.

आमच्या माजी सैनिकांचा मेळावा दर वर्षी होतो. कामी आलेल्यांची नावं एकेक करून वाचतात, कुठे आणि कशात गेला ते सांगतात. संपतचं नाव त्यात नाही. वाचन संपलं की मी उभा राहतो आणि म्हणतो, "नाईक संपत गांगुर्डे, ऑपरेटर." पहिल्या वर्षी लोक चमकले, आता सगळे मान खाली घालतात. सूत्रसंचालक पुढच्या 'कुठे आणि कशात'साठी माझ्याकडे बघत थांबतो. मी खाली बसतो.