बसमधली गतिज ऊर्जा

राणे गेल्याचं शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, ‘ऊर्जेचा अखंड स्रोत हरपला.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून वाईट निरोप देणं कठीण... ऊर्जेबद्दल सैल बोललेलं राणेला खपत नसे.

मुलुंडच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो, तो विज्ञान शिकवायचा. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मला धरायचा. गतिज ऊर्जा वस्तूत ‘असते’ म्हणणं त्याला खटकायचं. मी म्हणायचो, “पुस्तकात तसंच आहे ना रे.”

“असू दे. आपण दोघं चालत्या बसमध्ये शेजारी बसलोय. तुझ्या दृष्टीने माझी गतिज ऊर्जा किती? शून्य. स्टॉपवर उभा आहे त्याच्या दृष्टीने? भरपूर. मग ती काय माझ्या खिशात आहे? तू बघितलंस की गायब?”

म्हणून त्याच्या वर्गात एक रीत होती. कोणी ‘गतीमुळे वस्तूला प्राप्त झालेली ऊर्जा’ असं घडाघडा म्हणून दाखवलं, की बाकीच्या वर्गाने विचारायचं, “कोणाच्या सापेक्ष?” उत्तर दिल्याशिवाय खाली बसायचं नाही.

दहावीतल्या एका मुलीने सराव परीक्षेत व्याख्येऐवजी ती बसच लिहिली. पेपर तपासायला बाहेरच्या शिक्षकांकडे होते, गुण गेले. पालक शाळेत आले. मुख्याध्यापक राणेला म्हणाले, “दहावीचा वर्ग हवा असेल तर पुस्तकातलं वाक्य, बास.” राणे म्हणाला, “वाक्य पाठ करून घेतो, सर. प्रश्न बंद करणार नाही.” दहावी गेली. आमच्याकडे दहावी नसलेला शिक्षक म्हणजे निकालाच्या दिवशी पेढ्यापुरता पाहुणा. त्या दिवशी तो रजेवर असायचा. मला एकदाच म्हणाला, “वाट लागली यार. दहावीच आवडायची मला.” नंतर विषय नाही. नववीला शिकवत राहिला, शेवटपर्यंत.

परवा दहावीच्या विज्ञानाच्या बाई स्टाफरूममध्ये तणतणत आल्या. यंदाच शाळेत लागल्यात, राणेशी त्यांचं फार बोलणंही झालं नसावं. “ह्या पोरांना कोणी शिकवलंय हो हे? काहीही सांगा, सगळे एका सुरात, कोणाच्या सापेक्ष? पोर्शन कधी संपवू मी?”

राणेची नववी जूनमध्ये दहावीत आली होती. मुख्याध्यापक तिथेच चहा घेत होते, त्यांनी कप खाली ठेवला. मी बाईंसाठी खुर्ची ओढली.

“चहा घ्या,” म्हटलं. “वर्षभर चालेल हे.”