दोन अर्ज, एकच अक्षर

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला सांगितली नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर मुळीच नाही. वीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला आधी सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये. तिसरा कागद आहे हा.

मी नागपुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. रडणाऱ्या बायकांतली मी नाही. वर्गात कोणी रंगाचं पाणी सांडलं तर फडकं हातात देते आणि पुढचं शिकवायला लागते. हेही तसंच सांगायचं ठरवलं होतं, एका दमात. पण कुठून सुरू करायचं? अर्जापासून? की कुसुमपासून?

कुसुमपासूनच करते.

कुसुम आणि मी एकाच मोहल्ल्यातल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. दोघींच्या घरी हातमाग. शेठ सूत द्यायचा, लुगडं विणून झालं की मजुरी द्यायचा — ती एकाच्याच नावावर, बापाच्या. पण लुगडं काही एकट्या बापाच्या हातून होत नाही. आई आणि आजी रहाटावर सुताच्या कांड्या भरणार, कोणी तुटलेला धागा जोडणार, आणि ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावायची असली की पहाटे सगळं घर गल्लीत — या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून, ऊन चढायच्या आत. मागावर बाप थकला की भाऊ बसणार. आमच्यात ‘काय काम करता’ असं एकेकाला कोणी विचारतच नाही. घर काम करतं.

अशा घरांतून आम्ही दोघी चित्रकलेच्या महाविद्यालयात गेलो, पदविका मिळवली. हे कसं जमलं ती वेगळी कथा आहे आणि तिच्यात मी चांगली दिसते, म्हणून ती इथे नको.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नंतर सांगितली तर नम्रपणा वाटेल. कुसुम माझ्यापेक्षा चांगलं काढायची. थोडं नाही, बरंच. मी आकृती मोजून मापून बसवायची, तिची आपोआप उभी राहायची. आजीचे कांडी धरलेले हात तिने कोळशाने काढले होते, ते आमच्या सरांनी वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवले. माझ्या चित्रांना ते ‘स्वच्छ’ म्हणायचे.

पदविकेनंतर दोन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम होता. तो केला तर महाविद्यालयात शिकवता येणार होतं, निदान तसं आम्हाला वाटायचं. रेशनवर लाल गहू मिळायचा ते दिवस. घरून फी मिळणं शक्य नव्हतं. महाविद्यालयाकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी होता — फी माफ, वर रंग आणि कॅनव्हासचा खर्च. मिळायचा एकालाच. नाही मिळाला तर? माझ्यासाठी अमरावतीचं एक स्थळ आईने पाहून ठेवलं होतं. मला ते नको होतं. मला तो अभ्यासक्रम पाहिजे होता, आणि पाहिजे म्हणजे पाहिजेच होता. त्या वयात मी रस्त्याने चालतानासुद्धा दात आवळून चालायची.

अर्ज आणायला मी एकटी गेले. कुसुमच्या घरी त्या दिवशी गल्लीत ताणा लागला होता, तिला सुटता येईना. ती म्हणाली, माझाही घेऊन ये वं.

कार्यालयात ढोबळेबाबू होते. माणूस चांगला, फक्त बोलायला फार. अर्ज देताना त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं — ‘कुटुंबातील कमावती माणसे’. म्हणाले, कोष्ट्यांची पोरं इथे हमखास गोता खातात. मागच्या साली एकाने सात लिहिले. कमिटी म्हणाली, सात कमावते आहेत तर याला मदत कशाला? गेला अर्ज. म्हणाले, किती जण राबतात ते नाही विचारलेलं, मजुरी किती जणांच्या हातात पडते ते विचारलं आहे. बापाचं एकट्याचं लिहा.

मी त्यांचे आभार मानले, दोन्ही अर्ज पिशवीत घातले आणि सायकलवर निघाले. वाटेत काय ठरवलं? काही नाही — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता तेही खोटं वाटतं. कुसुमच्या गल्लीशी पोचेपर्यंत मला ठाऊक होतं की मी तिला हे सांगणार नाही.

कुसुमचं अक्षर म्हणजे मुंग्या. माझं छापल्यासारखं. त्यामुळे शाळेपासून तिचे अर्ज मीच लिहायची, त्यात नवीन काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी जमिनीवर बसले, पाटीवर अर्ज ठेवला. पलीकडे तिचे वडील मागावर होते, ती रहाटावर कांड्या भरत होती आणि भरता भरताच सांगत होती. नाव. पत्ता. वय. मग तो रकाना आला. मी वाचला. जसा छापला होता तसाच वाचला — त्यातल्या कुठल्याही शब्दावर जोर न देता.

ती हसली. “आमच्याकडे काम नाही करत असं कोण हाये वं? आजी बी करून राहिली. लिही, सहा.”

मी सहा लिहिलं.

ती रहाट थांबवून म्हणाली, “बराबर हाये न?”

मी म्हटलं, बराबर हाये.

मग घरी आले आणि त्याच पेनने माझा अर्ज भरला. आमच्या घरीही एकच माग, आणि त्याच्याभोवती पाच जणांचे हात. मी लिहिलं — एक.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. तरुणपणी एक गोष्ट सांगायची राहिली, एवढ्यावर हे भागलं असतं. मी स्वतःशी ही हकीकत नेहमी इथेच संपवत आले. पण ती इथे संपत नाही.

मुलाखतीला आम्ही दोघी गेलो. माझ्या लग्न झालेल्या बहिणीच्या दोन साड्या, एक तिने नेसली, एक मी. आधी तिला बोलावलं. दहा मिनिटांत बाहेर आली, चेहरा थोडा उतरलेला, पण सांगताना हसत होती. “मले इचारते, सहाजणं कमावता त पैसा जाते कुठं? म्या म्हटलं, सर, सहाजणं मिळून एक लुगडं होते. त हसले सारे.” तिला वाटलं, हसले म्हणजे खूश झाले.

मग मी आत गेले. टेबलापलीकडे तिघे. मधोमध प्राचार्य, त्यांच्या पुढ्यात आमचे दोन्ही अर्ज शेजारीशेजारी. त्यांनी आधी माझी चित्रं पाहिली, आणि मग विचारलं की दोन्ही अर्जांचं अक्षर एकच कसं. मी सांगितलं, तिचं अक्षर बरं नाही, म्हणून मी लिहून दिला. ते शेजारच्या गृहस्थांकडे वळून म्हणाले की पाहा, जागा एकच आहे, तरी ही मुलगी दुसरीचा अर्ज लिहून देते. त्या गृहस्थांनी मान डोलावली. माझ्या अंगावर घाम होता. तो त्यांना संकोच वाटला असेल.

आणि नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला. आवाजात संशय नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. तिची चित्रं त्यांच्या मनात भरली होती, ते माणसाला कळतं. म्हणाले, “तुम्ही त्यांच्या शेजारच्या. त्या घरात खरोखर सहा माणसं कमावती आहेत?”

म्हणजे पाहा — मला काहीही करायचं नव्हतं. उठायचं नव्हतं, धाव घ्यायची नव्हती. एक वाक्य. ‘नाही सर, मजुरी एकालाच मिळते.’ एवढं म्हटलं असतं, तर त्यांनी स्वतःच्या हाताने सहा खोडून एक केलं असतं. पेन त्यांच्या हातात होतं. उघडलेलं होतं.

मी म्हटलं, “सर, त्यांच्या घरात सगळेच काम करतात.”

यात एक अक्षर खोटं नाही. तुम्हाला दिसतं ना? आयुष्यात मी इतकं विचार करून दुसरं कुठलं वाक्य बोललेले नाही. प्राचार्यांनी पेनचं टोपण लावलं.

निधी मला मिळाला. मी दोन वर्षं शिकले, पहिल्या वर्गात आले. महाविद्यालयातली नोकरी काही मिळाली नाही, शाळेतली मिळाली. आणि ती मी नीट केली, करते आहे. यातलं काहीही मी परत करू शकत नाही, आणि खरं सांगते, परत करायची इच्छाही मला कधी झाली नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

कुसुमचं पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं, उमरेडला, मागवाल्यांच्याच घरी. आता ती तिथल्या विणकरांच्या सोसायटीसाठी चौकटीच्या कागदावर लुगड्याच्या काठांचे नमुने काढते; त्याचे पैसेही घरच्या मजुरीतच, नवऱ्याच्या नावावर. लोक तिचे काठ नावाने मागतात म्हणे. ती सुखी आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. ती सुखी असली तर माझं ओझं हलकं होतं, म्हणून तो हिशेब मी मांडत नाही. माझ्या भावाच्या लग्नात भेटली, तेव्हा चार बायकांना ओढून आणलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिनंच माझा अर्ज भरला होता, केवढं सुंदर अक्षर, माझ्याच नशिबात नव्हतं. मी तिला म्हटलं, ताट घे, जेवण थंड होतंय.

हे सगळं मी तसंच पुढे रेटलं असतं. पण मागच्या रविवारी तिची मुलगी घरी आली. संगीता, अठरा वर्षांची. तीही चित्रं काढते, तिला त्याच महाविद्यालयात जायचंय, आणि तो निधी अजून आहे. आईने सांगून पाठवलं होतं की शालूमावशीकडे जा, अर्ज तिच्याच हातून भरून घे. वीस वर्षांत कागद बदलला, रंग बदलला. रकाना तोच.

मी वाचला, आणि तिला न विचारता लिहिलं — एक.

ती पोर चौकस. म्हणाली, “काहून मावशी? आई, आजी, मी, सारेच तं करून राहिलो आम्ही.” मी तिला समजावून सांगितलं — ढोबळेबाबूंचेच शब्द, जवळजवळ तसेच. किती जण राबतात ते नाही, मजुरी किती जणांच्या हातात पडते ते. तिला पटलं. तिने कागद उचलून एकदा वाचला. मग तिने सहज विचारलं, “मंग मावशी, आईच्या फार्मात काय लिवलं होतं?”

मी म्हटलं, आठवत नाही.

तेवीस वर्षांची होते तेव्हा मला काहीतरी पाहिजे होतं. आता त्रेचाळीस वर्षांची आहे, घर आहे, नोकरी आहे, काहीही नको आहे — आणि तरी तोंडातून तेच निघालं, एका क्षणात, न अडखळता. तिने मान हलवली, अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला, पाया पडली आणि एस.टी. पकडायला गेली.

येत्या रविवारी मी उमरेडला जाणार आहे. हे कागद बरोबर नेणार आणि कुसुमला वाचून दाखवणार, तोंडी सांगणार नाही. तोंडी सांगताना मी शब्द कसे निवडते ते वर आलंच आहे. संगीताला समोर बसवायचं, कारण विचारलं तिने होतं. क्षमा मागणार नाही. मागितली तर कुसुम तिथल्या तिथे देऊन टाकेल, मी तिला ओळखते. आणि मग तिच्याकडून मी आणखी एक गोष्ट घेऊन आले, असं होईल.

रकान्यात सहा लिहिलं होतं, संगीता. मला आठवतं. अक्षर माझं होतं.