वाटीतलं कोमट पाणी

साठ सालच्या सुमाराला माझा मुलगा विषमज्वरानं बेंगळुरातल्या एका इस्पितळात पडून होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा कारवारचा, समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजावर नोकरीला. दोरीला थर्मामीटर बांधून खोल पाण्यात सोडायचं, हे त्याचं काम. नाव मी कधी विचारलं नाही. मी त्याला अण्णा म्हणे, तो मला अक्का.

आईच्या कपाळावरची पट्टी काढून तो वाटीतल्या पाण्यात बुडवी आणि त्यातच बोट घालून बसे. पट्टी परत ठेवायचंही विसरे. मला राग येई.

एका दुपारी मी म्हटलं, "आईंचा ताप स्वल्प उतरला की हो, अण्णा."

"उतरून गेला कुठे, अक्का? या वाटीत आला," तो म्हणाला. "कारखान्यांच्या धुरानं हवा तापत जाणार, असं आमचे साहेब म्हणतात. पण हवेचा ताप समुद्र ओढून घेतो, या पट्टीसारखा. वरून काही कळतच नाही."

मी समुद्र पाहिलेलाही नव्हता. हा जागरणानं बरळतोय की खरंच काही सांगतोय, मला समजेना.

"सरी, बरं बरं, आधी ते पाणी बदला," मी म्हटलं.

तो वाटी घेऊन मोरीपर्यंत गेला आणि ओतायचं सोडून तसाच उभा राहिला.

"हे बदलता येतं," तो म्हणाला. "समुद्रातलं कुठे ओतायचं?"

त्याच्या हातातली वाटी घेऊन मीच ओतली. पाणी चांगलंच कोमट झालं होतं.