आईच्या तळहातावरचं लिंबू

मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकासाठी आज मी लिंबं निवडत होते. सालीचा वास नाकात गेला आणि पंचगंगेच्या घाटावरची ती संध्याकाळ आठवली. तळहातावर धरलेलं लिंबू दांडपट्ट्यानं कापायची माझी ती पहिलीच वेळ. पण पोरीच्या पट्ट्यापुढं हात धरायला तालमीतलं कुणीच उठेना.

"ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला बघू," वस्ताद म्हणाले.

तेवढ्यात बघ्यांतून आई उठली. पदर खोचून माझ्यासमोर येऊन बसली. "मी धरतो की! पोरगी माझी हाय."

खुरप्यानं घट्टे पडलेल्या तिच्या तळहातावर लिंबू ठेवलं. तिचा हात स्थिर होता, मीच पट्टा उचलून तशीच थांबले. "बघतीस काय? मार की!" ती ओरडली. पट्टा सपकन फिरला. लिंबाच्या दोन फोडी घाटावर पडल्या, टाळ्या झाल्या, आणि आईनं ओला हात पदराला पुसला.

ती गोष्ट इतकी वर्षं मी माझ्या धाडसाची म्हणून सांगत आले.

आता त्याच घाटावर माझी लेक पट्टा चढवून उभी आहे आणि लिंबू माझ्या तळहातावर आहे. डोळे गच्च मिटून घ्यावेसे वाटतात. आईनं मिटले नव्हते.

"बघतीस काय?" मी ओरडते. "मार की!"