दार धरणारा चारण

जोगीदानच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? खेतावत कुळातल्या चारणांचं गाव कवितेबद्दल पणजोबांना इनाम मिळालेलं. तिथे आसऱ्याला आलेल्या माणसाला राजासुद्धा हात लावत नसे. आणि ठाकूर भोपालसिंहाचे स्वार खुद्द जोगीदानच्या ओसरीवरून हरखा कुंभाराला फरफटत घेऊन गेले! गुन्हा काय, तर ठाकराच्या मुलीच्या लग्नाला फुकट मडकी देणार नाही म्हणाला. मेल्यांनो, माती काय तुमच्या बापाची होती?

"आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांच्या दारात धरणं धरून बसा," बायको अनोपबाई कडाडली.

"आत्ता कोण बघणार? लग्नात दार माझं असतं. चारचौघांत नाक कापतो त्याचं."

"नाक कापा नाहीतर कान. माणूस आज कोंडलाय."

जोगीदाननं ऐकलं नाही.

ठाकराच्या घराण्यात नवरदेव तोरणाखाली आला की खेतावत चारणानं वाट अडवायची. तो मागेल ते नवरदेवानं द्यायचं, मगच आत पाऊल. वाडवडिलांनी घोडे मागितले, सोन्याची कडी मागितली.

चार दिवसांनी वरात आली. चारणाला मानानं हाक मारत नवरदेव हसून म्हणाला, "मागा बारठजी. शब्द दिला."

"तुमच्या सासऱ्यानं तळघरात एक कुंभार कोंडलाय. तो द्या."

ढोल थांबले. ठाकूर तणतणत आला. "डोकं फिरलंय का? मुहूर्त टळतोय!"

"टळू दे की! मुलगी तुमची, मुहूर्त तुमचा."

"गाव काढून घेईन!"

"घ्या उद्या. आज दार माझं आहे."

नवरदेवाचं हसू मावळलं. "मामंजी, मी शब्द दिलाय. माणूस आणा, नाहीतर घोडा माघारी फिरवतो."

हरखाला आणलं. लोक वाहवा करायला लागले. जोगीदान बाजूला होऊन हरखाचा हात धरायला गेला आणि थबकला. दोन्ही पंजे ठेचलेले होते, बोटं वाकडीतिकडी झालेली.

"कधी केलं हे?"

"आज सकाळी," हरखा म्हणाला. "तुम्ही याल म्हणून रोज वाट बघत होतो, बारठजी."

जोगीदानच्या तोंडून सणसणीत शिवी निघाली. ठाकराला वाटलं, ती आपल्यालाच आहे. ती जोगीदाननं स्वतःला घातली होती.