डांगरीचे बटण

सदऱ्याचे बटण तुटलेले दिसले, की वाघोलीतील आमच्या भाड्याच्या घरातली ती दुपार आठवते. तेव्हा मी लढाऊ विमानांच्या देखभालीला होतो. बारीकशी वस्तूही इंजिन निकामी करू शकते, म्हणून इंजिनाला हवा पुरवणाऱ्या बोगद्यात तपासणीसाठी शिरताना बिनबटणांचा डगला घालण्याचा दंडक होता. त्या सकाळी तो धुवायला गेल्यामुळे मी साध्या डांगरीतच, म्हणजे कामाच्या अंगभर पोशाखातच, आत शिरलो होतो. घरी डांगरी भिजवताना पत्नी म्हणाली, “अहो, छातीवरचं बटण कुठं पाडून आलात?” माझ्या तोंडचे पाणी पळाले. इतक्यात छपरावरून विमानाचा गडगडाट गेला; सकाळी मी तपासलेल्या विमानाच्या उड्डाणाची हीच वेळ होती. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. वरिष्ठ काय म्हणतील, या धास्तीने दहा मिनिटे तसाच बसून राहिलो. अखेर वरिष्ठांना फोन करून कळवले. “बरं झालं, आठवण तरी झाली आपल्याला,” एवढेच ते म्हणाले आणि विमान परत बोलावले गेले. बटण इंजिनाच्या तोंडाशी एका फटीत अडकलेले सापडले. चौकशीत अधिकाऱ्यांनी विचारले, “बटण नसल्याचं आपल्याला केव्हा कळलं?” मी म्हणालो, “फोन केला तेव्हाच, सर.” त्यांनी ते लिहून घेतले आणि तत्परतेबद्दल मला शाबासकी दिली. ती दहा मिनिटे वैमानिक हवेत होता, हे आज प्रथमच लिहितो आहे.