हॉर्न वाजला आणि मी रॉड खाली ठेवला

मंडळी, दुपारपासून घरात येरझाऱ्या घालतोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आज इथे नेपरव्हिल गावाजवळच्या एका खाजगी तळ्यावर कार्प मासे पकडायची मॅच होती. मी आणि माझी लेक मुक्ता, अशी आमची जोडी. पकडलेले मासे पाण्यातल्या जाळीत ठेवायचे, शेवटी वजन करून पुन्हा तळ्यात सोडायचे. पहिल्या तीन जोड्या फायनलला. मुक्ता त्यासाठी किती वर्षं झटतेय!

पाण्यावर ऊन हलत होतं आणि मला शाळेच्या पुस्तकातली नदीची कविता आठवत होती.

"बाबा, पुटपुटू नका. बॉबरकडे बघा!"

तेवढ्यात तो तरंगणारा लाल बॉबर बुडालाच! माझ्या हातातला गळाचा रॉड धनुष्यासारखा वाकला. केवढा मासा असेल! आणि नेमका वेळ संपल्याचा हॉर्न वाजला. मी रॉड चटकन खाली ठेवला. दोरी सैल पडली, मासा गेला.

"बाबा! अहो, आधी लागलेला मासा हॉर्ननंतर काढला तरी चालतो!"

"अगं, पण वेळ संपली ना?"

"ही काय बोर्डाची परीक्षा आहे?"

आम्ही चौथे आलो.

जन्मभर शाळामास्तर होतो हो मी. घंटा झाली की पेन खाली, हे हातात इतकं मुरलंय की हात डोक्याला विचारतच नाही.

मुक्ताने सामान गाडीत भरलं. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या मॅचला याल ना?"

हो म्हणालो खरं, पण या हाताची खात्री कोण देणार? तुमच्यापैकी कुणी अशी मुरलेली सवय मोडलीय का? कशी मोडलीत?